दौलत, जीप तुझ्या हातून मोडली नव्हती

तुझ्या तेरवीच्या दिवशी, दौलत, पंगत उठल्यावर तुझा प्रभाकर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "काका, बाबांवर एक लहानसं पुस्तक छापून राहिलो आम्ही. तुमच्या चार पानांशिवाय ते कसं होईन?" मी हो म्हटलं. उठता उठता तो हसला. "अन् त्यायची दोनदा पाहायची सवय लिहाच. घराले कुलूप लावून चौकापर्यंत जायचे अन् परत येऊन कुलूप ओढून पाहायचे. आई सांगतच असते सगळ्यायले."

आजूबाजूचेही हसले. कोणाला नळाची आठवण आली, कोणाला स्टोव्हची. गाडीचे नट एकदा आवळून झाल्यावर तू पुन्हा पाना घेऊन खाली शिरायचास, तेही निघालं. मीसुद्धा हसलो. ती सवय तुला आधी नव्हती, हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. ती तुला मी लावली. पंचवीस वर्षांपूर्वी, पाटणसावंगीच्या अलीकडे, भर दुपारी.

गेलेल्या माणसाचे गुण लिहायचे असतात. तुझे गुण लिहायला माझ्याइतका लायक दुसरा कोणी नाही, कारण हेवा करणारा जितक्या बारकाईनं बघतो, तितकं प्रेम करणाराही बघत नसेल. तुला नेलं त्या दिवशी नागपुरात सदरच्या तुझ्या दुकानाच्या गल्लीतले ट्रकवाले, टॅक्सीवाले, जीपवाले गाड्या कडेला लावून पायी निघाले. रस्ता भरून गेला. मी मागून काठी टेकत चालत होतो आणि माझ्या मनात काय आलं, सांगू? माझ्यामागे एवढे येतील का. तुझ्या तिरडीमागे चालताना मी हा विचार करत होतो. आता तुझ्यापासून काय लपवू.

आपण सावनेरच्या एका शाळेतले. तुझे वडील उमरेडहून माग घेऊन आले होते. ओट्यावर बसून ते घरातल्या मागाचा आवाज ऐकायचे आणि बसल्या जागेवरून सांगायचे, धागा तुटला. तोच कान तुला मिळाला. लढाईच्या वर्षांत तू फौजेत गेलास आणि इटलीपर्यंत जाऊन, गाडी शिकून परत आलास. मी त्या वर्षांत वडिलांच्या कापसाच्या अडतीवर गादीवर बसून होतो. तू परत आलास तेव्हा गावभर लोक तुला इटलीबद्दल विचारत होते. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. हेवा तिथूनच सुरू झाला असावा. जीप नंतर आली.

ती फौजेतून निघालेली जुनी जीप, लिलावात घेतलेली. पैसे माझे, निवड तुझी. ओळीनं उभ्या असलेल्या जीपांचे बॉनेट उघडून तू एकेकीला कान लावत गेलास आणि एकीपाशी थांबलास. दिसायला ती सगळ्यांत वाईट होती. "हीच घे गा शंकर," म्हणालास. "बाकीच्या नुसत्या रंगवल्या हायेत."

आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत रुतते. तिथून ही जीप निघायची. मोठ्या गेअरच्या बाजूला एक छोटी दांडी होती. ती ओढली की चारही चाकांना जोर मिळायचा. चिखल संपला की दांडी काढायची, कारण डांबरी सडकेवर चारी चाकं लावून गाडी हाणली तर पुढची आणि मागची चाकं आपसात भांडतात आणि आतलं काहीतरी तुटतं. हे तू चहाच्या टपरीवर कोणालाही समजावून सांगायचास. मला कधी सांगितलं नाहीस, कारण मी कधी विचारलं नाही. तू माझ्याकडे पगारावर होतास. पगारी माणसाला मालकानं विचारायचं, हे मला जमलं नाही.

समोरच्या काचेखाली मी वडिलांचं नाव रंगवून घेतलं, ठळक पांढऱ्या अक्षरांत. तरी खेड्यांतून आवाज यायचा, "दौलतची जीप आली गा." माझी आई पंढरीला निघावी तशी पदर खोचून तयार व्हायची आणि आधी विचारायची, "दौलत हाये नं चालवाले? मंग येतो मी." एकदा माझ्या बायकोला, कमलला, माहेरी सोडायचं होतं. मी किल्ली घेतली, तर ती म्हणाली, "तुमी राहू द्या. दौलतभाऊजींले सांगा. त्यायच्या हातानं पोटातलं पाणी हालत नाही." त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

मग तो भादवा आला. कोलार नदीला पाणी होतं आणि पलीकडच्या खेड्यात एक बाई दोन दिवसांपासून अडली होती. तू जीप पाण्यात घातलीस. बाई दवाखान्यात पोचली, मुलगी झाली, दोघी वाचल्या. दिवेलागणीला तू जीप आमच्या अंगणात आणून लावलीस. मी ओसरीवर बसलो होतो. चाकांवर नदीचा गाळ होता. तू इंजिन बंद केलंस, डाव्या हातानं छोटी दांडी काढलीस, खाली उतरलास आणि विहिरीवर हात धुवायला गेलास. मी हे पाहिलं, दौलत. नीट पाहिलं. तू एकदाच हात लावलास, कारण तेव्हा तुला दुसऱ्यांदा पाहायची गरज पडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईचा सासरा आला. त्यानं जीपसमोर नारळ फोडला, बॉनेटला कुंकू लावलं. मी पुढं झालो, तर त्यानं मला हात जोडून विचारलं, "दौलतभाऊ कुठी हायेत जी? त्यायचे पाय धरतो म्हटलं." जीप माझी, पेट्रोल माझं, अंगण माझं. तुझं घर कुठं आहे ते मी त्याला बोट दाखवून सांगितलं.

तो गेला आणि मी किल्ली घेतली. सदरला एका व्यापाऱ्याकडे काम होतं, ते बसनंही झालं असतं. चौकात पानठेल्यावर माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मी जीप थांबवली आणि ती छोटी दांडी ओढली. तू ओढायचास तशी, मान न वळवता, एका झटक्यात. मला वाटत होतं, ती दांडी ओढली की माणूस दौलत होतो.

तशीच, चारी चाकं लावून, सबंध डांबरी सडक मी नागपूरपर्यंत हाणली. स्टिअरिंग जड लागत होतं. वळणावर टायर चिरकत होते. ती गाडीची ताकद आहे असं मी समजलो. सदरमध्ये काम केलं आणि परत निघालो. पाटणसावंगीच्या अलीकडे गाडीच्या पोटाखालून कडाड असा आवाज आला आणि जीप जागेवर बसली.

जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरजवळ तुला निरोप दिला. पुढच्या बसनं तू आलास, हातात पान्यांची पिशवी. आधी जीपखाली शिरलास. मी लिंबाच्या सावलीत उभा होतो आणि मला तुझे फक्त पाय दिसत होते. बऱ्याच वेळानं तू बाहेर आलास. दाराशी वाकून आत पाहिलंस.

"शंकर, चारी चाकं लागूनच होती काय गा?"

"मले काय माहीत? तू काल ठेवली तशीच घेऊन निघालो मी."

तू कपाळावरचा घाम मनगटानं पुसलास. तिथं काळा डाग पडला. "मी तं काढली होती," तू म्हणालास. मग दांडीकडे पुन्हा पाहिलंस. "काढली होती नं? तू ओसरीतच बसला होता गा. तुले आठवते?"

तू मला विचारत होतास. संशय नव्हता तुला. साक्षीदाराला विचारावं तसं विचारत होतास, कारण मी तिथं होतो आणि मी तुझा मित्र होतो.

"नाही," मी म्हणालो. "माझं ध्यान नव्हतं."

तू मैलाच्या दगडावर बसलास. आपले हात उलटेसुलटे करून पाहिलेस, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. "मंग माझ्यानंच राहिली," म्हणालास. "त्या बाईच्या ओरडण्यात भान नाही राहिलं." आणि उठून माझ्यासमोर हात जोडलेस. "माफ कर मले."

मी म्हटलं, "जाऊ दे. होते असं."

मी तुला माफ केलं, दौलत. तुझे जोडलेले हात मी माझ्या हातांत घेतले आणि माफ केलं.

त्या वेळी मला काय वाटलं, ते इथं लिहिलं नाही तर या चार पानांना काही अर्थ नाही. मला बरं वाटलं. लाज नंतर आली. आधी बरं वाटलं, की तुझ्याही हातून चूक झाली. ती झाली नव्हती हे मला ठाऊक असूनही.

जीप दुरुस्त झाली. तूच केलीस. आणि मी ती विकायला काढली. लोकांना सांगितलं, खर्च परवडत नाही. तू कधीचं म्हणून ठेवलं होतंस, "विकशीन तं आधी मले सांग. वहिनीचं सोनं मोडीन, पण घेईन." तुझ्या बायकोला, सुभद्रेला, मी वहिनी म्हणायचो; तूही माझ्यादेखत तसंच म्हणायचास, मला चिडवायला. पावसाळ्यात दवाखान्याची, सर्व्हेवाल्यांची कामं घेऊन तू त्या जीपवर घर उभं करणार होतास. तुझा हिशोब बरोबर होता. जीप तुझी झाली असती तर वर्षभरात काचेखालचं नाव खोडलं गेलं असतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. हे मला नको होतं. पण मला नाही म्हणावंच लागलं नाही. मी विकतो म्हणून सांगितलं तेव्हा तू खाली पाहून म्हणालास, "आता कोणत्या तोंडानं मागू? ज्याच्या हातानं मोडली, त्यानं मागू नये."

छिंदवाड्याकडचा एक लाकडाचा ठेकेदार आला. जुन्या गाडीच्या सौद्याची रीत तुला माहीत आहे. मालक काय सांगतो ते कोणी ऐकत नाही. घेणारा ड्रायव्हरला बाजूला नेऊन विचारतो. ठेकेदारानं तुझ्या खांद्यावर हात टाकला आणि तुला गोठ्यामागे नेलं. मी भिंतीच्या अलीकडे उभा राहून ऐकत होतो.

"सच बोल भाई, गाड़ी में क्या खराबी है?"

"गाडीत काही खराबी नाही साहेब. पुढचा शाफ्ट माझ्या हातानं तुटला होता. चारी चाकं काढायची माझ्याकडून राहिली आणि गाडी तशीच डांबरी सडकेवर चालली. नवा टाकला आहे. गाडी चांगली, चूक माझी."

त्यानं भाव पाडला, तेवढं मी धरूनच होतो. पण पुढं तो म्हणाला, "ऐसा आदमी मैंने इस धंधे में नहीं देखा. गाड़ी के साथ तू भी चल. दुगनी पगार दूँगा."

भिंतीच्या अलीकडे माझ्या अंगाची आग झाली. खोट्या चुकीची कबुली देऊनसुद्धा तूच मोठा ठरत होतास. जीप मोडून खोटं मी बोललो होतो, आणि माणसं तुलाच मागत होती.

तू काय उत्तर दिलंस, ते मला या पंचवीस वर्षांत एकही दिवस विसरता आलं नाही. "नाही साहेब. माझा हात आता भरवशाचा राहिला नाही. कोणाचा जीव जाईन." आणि तू भिंतीच्या कडेनं बाहेर आलास, तर समोर मी. तू कसनुसं हसलास. त्या वेळी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. ठेकेदार होता, जीप होती, तू होतास. सगळं अजून जागेवर होतं. मी म्हटलं, "चहा घ्याल नं?"

जीप गेली. त्यानंतर तू कोणतीही गाडी चालवली नाहीस. सदरच्या गल्लीत टपरीएवढ्या जागेत दुकान टाकलंस. नागपुरातल्या अर्ध्या जीपा तुझ्या हाताखालून गेल्या, पण दुरुस्ती झाली की ट्रायलला तू गाडीच्या मालकालाच बसवायचास आणि स्वतः रस्त्यावर उभं राहून आवाज ऐकायचास. लोकांना वाटायचं, हा उस्तादाचा तोरा आहे. दूरदूरचे ड्रायव्हर तुझा तो कान बघायला यायचे. मी कधी गल्लीत आलो तर तुझ्याभोवती कोंडाळं असायचं आणि तू मला बघून उठायचास, आपलं स्टूल खांद्यावरच्या फडक्यानं पुसून मला द्यायचास. "हे आमचे शंकरशेठ," सगळ्यांना सांगायचास. "यायची जीप मी मोडली होती. एका शब्दानं बोलले नाहीत मले."

तू हे किती जणांना सांगितलंस, दौलत. माझ्या मोठेपणाची जी काही ख्याती सावनेरपासून सदरपर्यंत आहे, ती सगळी तू पसरवलीस. कमल आजारी होती तेव्हा तू महिनाभर रोज सकाळी दवाखान्यात डबा घेऊन आलास. दुकान बंद ठेवून. तिच्या उशाशी बसून तू तिलाही तेच सांगितलंस आणि ती माझ्याकडे पाहून हसली. लग्नानंतर इतक्या कौतुकानं ती माझ्याकडे पहिल्यांदा पाहत होती. ते हसू घेऊन ती गेली. तुझे उपकार मोजायचे तर त्या महिन्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि मला ते मोजवत नाहीत, कारण ते तू माझ्या खोट्यापोटी केलेस.

सांगायला मी आलो होतो. मागच्या दिवाळीनंतर, तुझा श्वास चढायला लागला तेव्हा. प्रभाकरनं नागपूरच्या कडेला मनीषनगरला प्लॉट घेऊन घर बांधलं आणि तुला तिथं नेलं, त्यावरून आपलं भांडण चालूच होतं. मी म्हणायचो, "तिथं कोल्हे राहतात, माणसं कशी राहतीन?" तू म्हणायचास, "दहा वर्षांनं पाह्य, तुले तिथं उभं राहाले जागा भेटणार नाही." त्या दिवशी मी ठरवून बसलो होतो. तू पलंगावरून उठलास, भिंत धरत दारापर्यंत गेलास, कडी लागली आहे की नाही ते पाहिलंस. परत येऊन बसलास. एक मिनिट झालं नाही आणि पुन्हा उठायला लागलास. धापा टाकत होतास. सुभद्रावहिनी आतून ओरडल्या, "लागली हाये जी कडी. किती डाव पाहाता?" तू मला डोळा मारलास. मी घाबरलो आणि मनीषनगरच्या कोल्ह्यांवर बोलत बसलो. ते आपलं शेवटचं बोलणं. भांडणात तू बरोबर आहेस हे मला त्याच दिवशी मान्य होतं. अर्ध्या तासात तुझ्या दारावरून तीन बांधकामाचे ट्रक गेले होते.

इथवर लिहून झालं आणि मी तीन दिवस कागद उशाखाली ठेवले. काल ते घेऊन मनीषनगरला गेलो. न विचारता छापायला देणं मला बरं वाटेना. प्रभाकर आणि सुभद्रावहिनी दोघांना समोर बसवलं आणि वाचलं. काही गाळलं नाही.

प्रभाकर म्हणाला, "मी बाबांना गाडी चालवताना कधी पाहिलंच नाही, काका." एवढंच. त्याच्या बोलण्यात राग असता तर मला बरं झालं असतं. कागद त्यानं माझ्या हातातून घेतले, घडी केली आणि खिशात ठेवले. "छापतो मी. जसं हाये तसं."

मी म्हटलं, "वहिनी, काही तरी बोला."

"काय बोलू भाऊजी?" त्या म्हणाल्या. "रात्री झोपेतून उठून कडी पाहाचे ते. मी हसत होती त्यायले. पोरायलेबी हसवत होती. तुमी मले हसाले लावलं पंचवीस वर्षं." मग पदर सावरून उठल्या. "आज तुमी जा. चहा ठेवणं मले होणार नाही."

त्या आतल्या खोलीत गेल्या, जिथं तुझा फोटो आहे. मी दारात बसून जोडे घालत होतो. बंद लागत नव्हते. आतून त्यांचा आवाज ऐकू येत होता, घरातल्या माणसाशी बोलावं तसा, हळू. "ऐकून राहिले नं जी? तुमी काढली होती. तुमच्याकडून काही राहिलं नव्हतं. आता सुखानं झोपा." हे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

मी उठलो नाही. त्या बोलत होत्या तोवर तिथंच, उंबऱ्याबाहेर, बसून राहिलो. तुला ऐकू येत नव्हतं आणि मला येत होतं. आणि त्या वेळीही, दौलत, मला तुझा हेवाच वाटला.